गहू कधी भिजत घालायचा?

पुण्यात २६ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान येणार होते. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोचं उद्‌घाटन आणि मग स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर सभा, असा बेत होता. आदल्या दिवशी पाऊस लागला आणि शिवाजीनगरला एका दिवसात सव्वाशे मिलिमीटरच्या वर पडला. मैदानाचा चिखल झाला, सभा एखाद्या बंदिस्त सभागृहात हलवता येईल का याची चाचपणी झाली, आणि शेवटी दौराच रद्द झाला. मेट्रोचं उद्‌घाटन २९ तारखेला दूरदृश्य प्रणालीवरून, म्हणजे पडद्यावरून, उरकलं.

ज्यांच्या हाताशी सगळी सरकारी यंत्रणा आहे त्यांची ही गत, तर आपली काय कथा! आपलं लग्न पडद्यावरून उरकत नाही. करोनाच्या वर्षांत तेही करून पाहिलं म्हणा, पण जेवणावळ राहिली ती राहिलीच. सप्टेंबर निदान पावसाळ्यातला तरी. डिसेंबर २०१४ मध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवावर अवकाळी पाऊस आला, रमणबागेच्या मैदानात पाय रुतू लागले आणि महोत्सव जानेवारीत ढकलावा लागला. शाल-मफलर घेऊन, उघड्यावर बसून गाणं ऐकण्याचा महिना म्हणून पुणेकरांनी ठरवलेला तो महिना. त्यात छत्री लागेल, हे कोणाच्या हिशेबात नव्हतं.

अशा वेळी वाक्य ठरलेलं असतं: हवामान खातं सांगतं एक आणि होतं भलतंच. ही तक्रार पुण्यात तर जन्मसिद्ध हक्काने केली जाते, कारण खातं शेजारीच आहे. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीसमोरच्या चौकाला लोक अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, तरी पुण्याचं कार्यालय मोठंच राहिलं. तक्रारीत तथ्य नाही असं नाही. पण तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे, आणि ती सोडवल्याशिवाय रविवारच्या सहलीचा निर्णयसुद्धा नीट घेता येत नाही.

पहिली गोष्ट ही, की सगळं हवामान सारखंच बेभरवशाचं नसतं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ते येणार, साधारण कुठे येणार, कोणत्या दिवशी येणार हे रायगड जिल्ह्याला आधीपासून ठाऊक होतं. होड्या ओढून घेतल्या होत्या, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती. शेकडो किलोमीटर पसरलेली आणि काही दिवस जगणारी अशी मोठी प्रणाली उपग्रहाला दिसते, संगणकाच्या गणितात मावते, आणि तिची वाट बऱ्यापैकी आखता येते. उत्तरेकडून येणारी थंडीची लाट, बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा, मोसमी वाऱ्यांचा जोर वाढणं किंवा ओसरणं, हे सगळं याच जातीचं. चार-पाच दिवस आधीचा अंदाज इथे उपयोगी पडतो.

आपले बेत फिसकटवतो तो बहुतेकदा दुसऱ्या जातीचा पाऊस. वळीव.

एप्रिल-मेमधली पुणे, सांगली, नगरकडची दुपार घ्या. सकाळी आभाळ निरभ्र. अकरापासून जमीन तापू लागते, तिच्या लगतची हवा हलकी होते. समुद्रावरून आलेला दमट वारा आणि पठारावरचा कोरडा वारा यांची गाठ याच भागात कुठेतरी पडते, आणि त्या रेषेवर हवा वर चढायला लागते. वर जाताना ती थंड होते, वाफेचं पाणी होतं, आणि पाणी होताना वाफेत दडलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी जोरात वर जाते. दोन वाजता दिसणारे चार पांढरे पुंजके चार वाजेपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंच होतात. माथ्यावर बर्फ तयार होतं, गारा घडतात, विजेचा भार साठतो.

मग उलट खेळ सुरू होतो. खाली पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा ओढून आणतं. त्यातलं काही पाणी वाटेतच पुन्हा वाफ होतं आणि ती हवा आणखी गार होते. ही जड, गार हवा जमिनीवर आदळून चारी दिशांना पसरते. पहिला थेंब पडायच्या आधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. अंगणातली माणसं ‘बरं वाटलं’ म्हणतात आणि गच्चीवरची माणसं कपडे काढायला धावतात. पण याच गार हवेने ढगाची रसद तुटते, कारण खालून येणारी उबदार दमट हवा आता पोचत नाही. अर्ध्या-पाऊण तासात ढग संपतो. गंमत अशी, की मरता मरता तो शेजारची उबदार हवा वर उचलतो आणि तिथे नवा ढग उभा करतो. म्हणून कोथरूडचा पाऊस थांबतो तेव्हा बिबवेवाडीत सुरू होतो, आणि फोनवर दोन बहिणी एकमेकींना खोटं ठरवत बसतात.

ढगाचा हा जन्म-मरणाचा क्रम १९४६-४७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि ओहायो इथे थेट वादळी ढगांतून विमानं उडवून अभ्यासला गेला. होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांच्या त्या प्रकल्पामुळे एकेका ढगाचं आयुष्य किती आणि पसारा किती, हे कळलं. पसारा पाच-दहा किलोमीटर, आयुष्य तासाच्या आतबाहेर. हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अडतं.

हवामानाचं गणित करणारा संगणक पृथ्वीवर चौकटी पाडतो आणि प्रत्येक चौकटीसाठी वारा, दाब, तापमान, आर्द्रता मोजतो. आपल्याकडे बारा किलोमीटरच्या चौकटीवर हे गणित होत आलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही चौकट सहा किलोमीटरवर आणते. मोठी झेप आहे. पण सहा किलोमीटरच्या चौकटीत पाच किलोमीटरचा ढग म्हणजे एक ठिपका. त्याचं उभं राहणं आणि कोसळणं नीट रेखायला त्याच्या अंगावर अनेक ठिपके पडावे लागतात. त्यात तो तासभरच जगणार. कढईत लाह्या फोडायला घेतल्या की आता फुटायला लागणार हे खात्रीने सांगता येतं. कोणता दाणा आधी फुटेल, हे नाही. ‘आज दुपारी मध्य महाराष्ट्रात वळिवाचे ढग होणार’ हे खातं दोन दिवस आधी सांगू शकतं. ‘तुमच्या लॉनवर साडेपाचला’ हे कोणीच सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून जरा सांभाळून राहावं.

ही नवी प्रणाली राष्ट्राला अर्पण झाली तो दिवस २६ मे २०२५. त्याच दिवशी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. ११ जूनच्या सर्वसाधारण तारखेच्या तब्बल सोळा दिवस आधी. वरळीचं नवंकोरं भुयारी मेट्रो स्थानक पाण्यात गेलं. योगायोगच, पण पावसाला विनोदबुद्धी असावी अशी शंका येते.

जागेचा फरक किती असू शकतो याचा मुंबईइतका कठोर पुरावा दुसरा नाही. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. कुलाब्याला त्याच चोवीस तासांत फक्त ७३. मध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून माणसं संध्याकाळी नेहमीसारखी घरी निघाली, कारण खिडकीबाहेर काही विशेष दिसत नव्हतं. त्यातल्या अनेकांची रात्र रस्त्यावर, रेल्वेच्या डब्यात किंवा अनोळखी घरात गेली. शहराचा पाऊस ‘सरासरी’ काढला तर या दिवसाबद्दल काहीच कळत नाही.

सह्याद्रीच्या पलीकडे तर हा भेद कायमचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की हजाराच्याही आत. पुणे जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरचा. एका टोकाला मुळशी-ताम्हिणी, दुसऱ्या टोकाला टँकरची वाट पाहणारी बारामती-इंदापूरकडची गावं. ‘पुणे जिल्ह्यात उद्या पाऊस’ असं वाचून इंदापूरच्या माणसाने काय करावं?

इथे गल्लतीतली दुसरी गोष्ट येते. अंदाजाची भाषा आपण वाचतो, पण ती मोजमापाची भाषा आहे हे विसरतो. खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे सव्वीस ते पन्नास, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे एक्कावन्न ते पंच्याहत्तर आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याच्या वर. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असा अंदाज दिला आणि जिल्ह्यातल्या तीन चतुर्थांश लोकांच्या अंगावर थेंबही पडला नाही, तर अंदाज अगदी बरोबर आला. पण ते तीन चतुर्थांश लोक दुसऱ्या दिवशी खात्याला हसतात. ज्यांच्यावर पडला ते भिजल्यामुळे बोलत नाहीत.

‘जोरदार’लाही माप आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे तो खात्याच्या लेखी जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. अडीच मिलिमीटरच्या आत पडला तर तो दिवस पावसाचा म्हणून धरतच नाहीत. पापडाच्या कागदावर दोन मिलिमीटर पडला तर मात्र घरात तो महापूर. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. हे रंग बेत रद्द करण्याचे हुकूम नाहीत, पण लाल रंग पाहून ताम्हिणीला निघणाऱ्यांची संख्या पाहता तसे हुकूम असते तर बरं झालं असतं, असं वाटतं.

मोबाइलमधली अ‍ॅपं याच्या पुढची. ती टक्के सांगतात. दुपारी चार वाजता ३० टक्के. २००५ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क या शहरांतल्या लोकांना विचारलं, ‘उद्या पावसाची शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ काय? कोणी म्हणालं, दिवसाचा तीस टक्के वेळ पाऊस पडणार. कोणी म्हणालं, तीस टक्के भागात पडणार. बरोबर अर्थ असा, की उद्यासारख्या दहा दिवसांपैकी तीन दिवशी पाऊस पडतो. तो बहुसंख्येने फक्त न्यूयॉर्ककरांनी निवडला. तिथे अशी टक्केवारी १९६० च्या दशकापासून ऐकवली जात होती.

हे टक्के येतात कुठून? एडवर्ड लॉरेन्झ यांच्या फुलपाखराची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली आहे. १९६१ मध्ये त्यांनी संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा दिला आणि पुढचं सगळं हवामान बदलून गेलं. त्या गोष्टीतून लोक ‘काहीच सांगता येत नाही’ एवढंच घेतात. हवामानशास्त्राने मात्र निराळं घेतलं. सुरुवातीचे आकडे कधीच पुरते अचूक नसणार, तर मग थोडेथोडे बदलून तेच गणित अनेकदा करा. आपल्या बारा किलोमीटरच्या प्रणालीत ते एकवीस वेळा होतं. एकवीसपैकी अठरा उत्तरांत पाऊस असेल तर भरवसा जास्त, चारांत असेल तर कमी. एकवीसही उत्तरं एकवीस दिशांना गेली, तर ‘अजून काही खरं नाही’ हीसुद्धा उपयोगाची माहिती झाली. अ‍ॅपवरचं दहा दिवसांनंतरच्या दुपारी तीनचं ढगाचं चित्र मात्र मला खटकतं. तिथे माहिती कमी आणि आव फार. दोन आठवड्यांच्या पुढे रोजचं हवामान सांगता येत नाही, हे लॉरेन्झ यांच्यापासून सगळे मानत आले आहेत. वळिवाच्या दिवसांत ही हद्द कितीतरी अलीकडे येते.

आता प्रकरणाच्या नावातला गहू.

कुरडयांचा गहू तीन दिवस भिजतो. पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वर आलेलं पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचं आणि खाली बसलेला घट्ट चीक घ्यायचा. उजाडायच्या आत मोठं पातेलं चुलीवर चढतं, कारण चीक गरम असतानाच सोऱ्यातून कागदावर पडायला हवा आणि पहिलं ऊन त्याला मिळायला हवं. मग दोन-तीन दिवस कडक ऊन. मध्येच ओल लागली तर बुरशी धरते, रंग जातो, तळल्यावर फुलत नाही. म्हणजे गहू पाण्यात टाकल्यापासून कुरडई डब्यात जाईपर्यंत आठवडा. गहू भिजत घालणाऱ्या बाईला आठवड्याचा अंदाज हवा असतो. त्या नेमक्या ढगाचा भरवशाचा इशारा खातं देतं तो पुढच्या तीन तासांपुरता.

मग आपल्या आज्या-मावश्यांनी हे पिढ्यान् पिढ्या कसं निभावलं? पंचांगातल्या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की म्हैस हे वाचून नव्हे. नक्षत्रांचे पाऊस सुरू व्हायच्या आधीच डबे भरलेले असायचे. त्यांनी दोन गोष्टी धरल्या, आणि दोन्हींना आज हवामानशास्त्रात मान आहे. एक, महिना. पुण्यात मे महिन्यात पावसाचे म्हणावेत असे दिवस सरासरीने दोन-तीन, मार्चमध्ये एकही धड नाही. होळी झाली की वाळवणाला लागायचं, मेच्या शेवटच्या आठवड्यावर काही टाकायचं नाही. दीर्घ काळाच्या नोंदींवरून एखादा दिवस किती धोक्याचा हे ठरवणं, यालाच आकडेवाले लोक हवामानाची सरासरी पाहणं म्हणतात. आठवड्यापलीकडच्या बेतांसाठी याहून चांगला अंदाज आजही मिळत नाही.

दोन, वेळ. वळीव कुठे पडेल हे कळत नाही, पण कधी पडतो हे चांगलं कळतं: दुपारी तीननंतर, बहुतेक सात-आठच्या आत. जमीन तापल्याशिवाय तो उभाच राहत नाही. म्हणून वाळवण सकाळी सातला पडतं आणि तीनच्या सुमाराला उचललं जातं. कोणी घड्याळ पाहत नाही. सावली भिंतीवर आली की हाका सुरू होतात. ज्या माहितीला कोणी अंदाज म्हणत नाही, ती इथे सगळ्यात भरवशाची ठरते. सकाळची मुंज आणि संध्याकाळचं स्वागतसमारंभाचं लॉन यांच्यात मे महिन्यात पावसाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. मुहूर्त काढताना तो कोणी धरत नाही. गुरुजी धरत नाहीत हे समजू शकतं. लॉनवाला धरत नाही, कारण त्याचा अ‍ॅडव्हान्स आलेला असतो.

तासगावकडच्या बेदाणेवाल्याला ही सोय नाही. शेडमध्ये जाळ्यांवर टाकलेली द्राक्षं वाळायला पंधरवडा लागतो. ती रोज तीनला उचलता येत नाहीत, आणि द्राक्षाचा हंगाम पुढे-मागे ढकलता येत नाही. हवेत ओल आली तरी बेदाणा काळा पडतो आणि भाव पडतो. शेडच्या बाजूंना कागद सोडायचा आणि आभाळाकडे पाहायचं. अंदाज तोच, पण निर्णयाला जागा किती, हे प्रत्येकाचं वेगळं.

यातून एक साधं गणित निघतं. हवामानशास्त्रात ते १९५० च्या दशकापासून रुळलेलं आहे. बचावाला किती खर्च आणि बचाव न करता पाऊस आला तर किती नुकसान, हे दोन आकडे मांडायचे. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. पावसाची शक्यता त्या उत्तरापेक्षा जास्त असेल तर बचाव करायचा, कमी असेल तर नाही. समजा, लॉनवर साध्या कापडी मांडवाऐवजी जलरोधक मांडव घालायला साठ हजार जास्त लागतात. पाऊस आला तर जेवण, सजावट, ध्वनियंत्रणा आणि चारशे माणसांची त्रेधा मिळून चार लाखांचं नुकसान. साठ भागिले चारशे, म्हणजे पंधरा टक्के. शक्यता वीस टक्के असेल तर साठ हजार खर्च करावेत, ‘वीस टक्केच तर आहे’ असं म्हणू नये. आणि हाच वीस टक्के आकडा पाहून शेजारच्या मुलांनी संध्याकाळची क्रिकेटची मॅच रद्द केली, तर त्यांना कोणीही वेडं म्हणेल, कारण भिजण्यापलीकडे त्यांचं जायचंच काही नाही.

तोच माणूस, तोच अंदाज, तरी तारखेप्रमाणे उत्तर बदलतं. मार्चमध्ये कुरडया आठ दिवस पुढे ढकलायला काही लागत नाही, म्हणून दहा टक्के शक्यतेलाही थांबावं. मेच्या अखेरीस पुढे ढकलायला दिवसच उरलेले नसतात. तिथे चाळीस टक्क्यांतही धाडस करणारी बाई चूक करत नाही. पाऊस पडलाच तर घरचे तिला ‘सांगत होतो’ म्हणतील. निर्णय बरोबर होता की चूक, हे एका दिवसाच्या निकालावरून ठरत नाही, पण घरात हे सांगून बघा!

मांडववाल्यांना हे गणित कागदावर न मांडता येतं. अनुभवी मांडववाला कापडी छताला मधोमध उंची देतो, उतार काढतो. उतार नसेल तर पाणी छताच्या पोटात साठतं, कापड खाली लोंबतं आणि मग कोणीतरी हुशार माणूस खालून बांबूने ढोसतो. ते सगळं पाणी एका जागी, बहुधा वऱ्हाडाच्या पंगतीवर येतं. आभाळ भरून आलं की हा माणूस आधी ताडपत्री शोधत नाही. स्पीकरच्या वायरी जमिनीवरून उचलायला लावतो आणि कनातीच्या दोऱ्या तपासतो. कारण आधी वारा येतो.

तो वारा हलक्यात घेण्यासारखा नसतो. १३ मे २०२४ च्या दुपारी मुंबईवर धुळीचं वादळ आलं आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर प्रचंड होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. पाऊस त्या दिवशी किरकोळच होता. खर्च-नुकसानीचं गणित इथे संपतं. जिवाला भागाकारात घालता येत नाही, आणि जिथे जिवाचा प्रश्न असतो तिथे पाच टक्केही पुष्कळ होतात.

विजेचं उदाहरण घ्या. देशात दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात. त्यांत शेतात, गुरांमागे, झाडाखाली असणारे फार. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटरला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली उभं राहण्यापेक्षा भिजलेलं परवडतं. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आपल्या आसपास वीज पडत असेल तर सावध करतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनात ते असायला हवं.

आणि डोंगर. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तिथे पाणी वाढतं ते तुमच्या डोक्यावरच्या पावसाने नव्हे, वरच्या अंगाला पडलेल्या पावसाने. आपण उभे आहोत तिथे पाऊस थांबलेला असतो, ऊनही पडलेलं असतं, आणि ओढ्याचा आवाज बदलतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या येऊ लागल्या, की बाहेर यायला मिनिटं असतात. ट्रेकवाल्यांच्या जुन्या पिढीचा नियम सोपा आहे: जाताना ओढा घोट्याएवढा असेल तरी येताना तो कमरेएवढा असेल असं धरून वाट ठरवायची. अशा जागी उद्याचा अंदाज पाहून भागत नाही, वरच्या डोंगराचा आजचा पाहावा लागतो. खात्याच्या संकेतस्थळावर रडारची चित्रं फुकट असतात. लागोपाठची तीन-चार चित्रं पाहिली की ढग कुठून कुठे सरकतोय आणि वाढतोय की विरतोय, हे सामान्य माणसालाही कळतं.

उलट, जे हवामान पुरतं कळलेलं असतं त्यानेही घात होतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात पुरस्कार सोहळा झाला आणि उष्माघाताने दहाहून अधिक माणसं दगावली. एप्रिलमध्ये दुपारी ऊन असणार, या अंदाजात कसली अनिश्चितता होती? वेळ सकाळी आठची किंवा संध्याकाळची ठेवायला कुठला संगणक लागत नव्हता.

आधीचे आडाखे हल्ली चुकतात असं वडीलधारे म्हणतात, आणि ते नुसतं स्मरणरंजन नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. ढगाला मिळणारा दारूगोळा तेवढा वाढतो. पुण्याच्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. म्हणजे महिन्यावर विसंबून राहण्याची आज्यांची रीत अजून चालते, पण तिला आता जास्त सवलत ठेवावी लागते. मेच्या शेवटच्या आठवड्याला जो मान होता तो आता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यालाही द्यावा. २०२५ च्या मेमध्ये ज्यांची वाळवणं राहिली होती त्यांना हे सांगायची गरज नाही.

बेत आखण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती मुंबईने शोधली. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची क्रिकेट लीग १९४८ मध्ये सुरू झाली ती मुद्दाम पावसाळ्यातच. मैदानं ओली, गवत वाढलेलं, खेळपट्टी कधी चिकट तर कधी निसरडी, चेंडू भिजून जड झालेला. सामना होईल की नाही हे सकाळी मैदानावर गेल्याशिवाय कळत नाही, आणि किट उचलून परत यायची तयारी सगळ्यांची असते. पाऊस आला तर तंबूत चहा, थांबला तर पुन्हा खेळ; धुऊन गेला तर दोन्ही संघांना गुण वाटून मोकळं व्हायचं. पावसाने बेत बिघडला असं इथे कोणी म्हणत नाही, कारण तो बेतातच धरलेला असतो. ओल्या खेळपट्टीवर उशिरा, अंगाजवळ खेळायला शिकलेले किती तरी फलंदाज याच लीगमधून पुढे गेले. उन्हाळ्यातल्या कोरड्या, पाटा खेळपट्टीवर ते शिक्षण मिळालं नसतं.